आलेक्सी क्लेरो: पहिल्या पदावर न थांबलेला गणिती

(मंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर ती लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शेषपद

१५ नोव्हेंबर १७४७. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या जाहीर सभेत चौतीस वर्षांच्या आलेक्सी क्लोद क्लेरोने सांगितलं की न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम (गुरुत्वाची ओढ १/अंतर² या प्रमाणात) चंद्राला पुरत नाही. त्यात १/अंतर⁴ असं एक छोटं पद जोडावं लागेल. दीड वर्षानं, १७ मे १७४९ ला, त्यानेच अकादमीला कळवलं की नियम बरोबर आहे, कमी पडला होता तो आपला हिशोब.

हा धागा त्या दीड वर्षासाठी, आणि त्याच सवयीने क्लेरोने केलेल्या इतर कामांसाठी काढतोय. चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म पॅरिसचा, १७१३. वडील गणिताचे शिक्षक. बाराव्या-तेराव्या वर्षी, १७२६ मध्ये, अकादमीपुढे वक्ररेषांवरचा निबंध वाचला. अठराव्या वर्षी, म्हणजे १७३१ मध्ये, अकादमीचा सभासद झाला. खरं तर वयाची अट वीसची होती, ती त्याच्यासाठी शिथिल केली. १७६५ च्या मे महिन्यात, बावन्नाव्या वर्षी गेला.

आता चंद्र. चंद्राची कक्षा लंबवर्तुळ धरली तर ते लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू फिरतं. पृथ्वीपासूनचा सर्वांत दूरचा बिंदू, म्हणजे मंदोच्च, वर्षाला सुमारे ४०.७ अंश पुढे सरकतो आणि ८.८५ वर्षांत फेरी पुरी करतो. कारण सूर्याचं आकर्षण. पण क्लेरोने गणित केलं तर उत्तर निम्मंच आलं, फेरीला सुमारे १८ वर्षं. ऑयलर आणि दालांबेर यांनाही निम्मंच मिळत होतं. न्यूटनच्या ग्रंथातही हे निम्मं उत्तर आहे. तीन स्वतंत्र गणिती आणि एकच चूक, म्हणूनच क्लेरोला नियमावर शंका घ्यायचं धाडस झालं.

चूक कुठे होती ते आजच्या मांडणीत दाखवतो. आकाशात सूर्य सरकतो तो वेग भागिले चंद्राचा वेग, याला म म्हणू. म = ०.०७४८. मंदोच्चाचा वेग चंद्राच्या वेगाच्या कितवा भाग, ते एका मालिकेतून मिळतं:

पहिलं पद: (३/४) म² = ०.००४२०
दुसरं: (२२५/३२) म³ = ०.००२९४
तिसरं: (४०७१/१२८) म⁴ = ०.००१००
चौथं: (२६५४९३/२०४८) म⁵ = ०.०००३०

बेरीज करत गेलं की वर्षाला अनुक्रमे २०.२, ३४.४, ३९.२, ४०.६ अंश येतात. निरीक्षणातला आकडा ०.००८४५, म्हणजे ४०.७ अंश.

म इतका लहान आहे की प्रत्येक पुढचं पद आधीच्याच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाचं असेल असं कुणालाही वाटेल. पण गुणक बघा: पाऊण, मग सात, मग बत्तीस, मग एकशे तीस. दुसरं पद पहिल्याच्या सत्तर टक्के आहे. क्लेरोने पहिल्या खेपेला सूर्याच्या ओढीच्या सूत्रात चंद्राचं अंतर साध्या फिरत्या लंबवर्तुळाचं घातलं होतं. सूर्यामुळे ते अंतर जे किंचित बदलतं, त्याने मंदोच्चात विशेष फरक पडणार नाही असं धरून चालला. १७४९ च्या हिशोबात त्याने तेच बदललेलं अंतर सूत्रात परत घातलं आणि फरक जवळजवळ भरून निघाला.

खगोलवही

उत्तम सुरुवात. मंदोच्च शब्द वापरलात ते योग्यच झालं, पंचांगगणितात हाच शब्द आहे. सूर्यसिद्धांतात ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात चंद्रोच्चाचे (चंद्राच्या मंदोच्चाचे) ४,८८,२०३ भगण, म्हणजे फेऱ्या, दिले आहेत. भागाकार केला की ८.८४९ वर्षं येतात. म्हणजे आकडा इकडेही फार आधीपासून नेमका माहीत होता. हा आकडा निरीक्षणातून न घेता एका नियमातून काढून दाखवायचा, हे काम १७४९ पर्यंत कुणाला जमलं नव्हतं.

त्या दीड वर्षात निसर्गशास्त्रज्ञ बुफाँने क्लेरोवर टीका केली ती आकड्यांवरून नव्हती. त्याचं म्हणणं असं की निसर्गाचा मूलभूत नियम एकाच पदाचा, साधा असला पाहिजे. निष्कर्ष बुफाँचा बरोबर निघाला, पण युक्तिवाद म्हणून ते मला कच्चं वाटतं. क्लेरोने माघार घेतली ती गणित पुन्हा करून.

शेषपद

सहमत. आणि माघारीनंतर ऑयलरला ते पटायला वेळ लागला, हेही नोंदवायला हवं. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने याच प्रश्नावर बक्षीस लावलं, त्यात परीक्षक ऑयलर होता. बक्षीस क्लेरोच्या चंद्रसिद्धांताला मिळालं आणि प्रबंध १७५२ मध्ये छापून आला.

क्षयज्ञ

कॉलेजात क्लेरो भेटतो तो त्याच्या डिफरन्शियल इक्वेशनमुळे, त्याबद्दल थोडं. १७३४ चं काम. रूप असं: य = म·क्ष + फ(म), इथे म म्हणजे य चा क्ष-सापेक्ष विकलज (वरच्या म शी संबंध नाही).

उदाहरण घ्या: य = म·क्ष − म². दोन्ही बाजूंचं विकलन केलं की उरतं: (क्ष − २म) × (म चा विकलज) = ०. इथे नेहमीची चूक होते. विद्यार्थी दुसरा अवयव शून्य धरून म स्थिर, म्हणून य = स·क्ष − स² (स हा स्थिरांक) असं सरळ रेषांचं कुटुंब लिहितात आणि थांबतात. पहिला अवयवही शून्य असू शकतो. मग म = क्ष/२, आणि य = क्ष²/४ हा अन्वस्त मिळतो. स ला कुठलीही किंमत दिली तरी हा अन्वस्त त्या कुटुंबातून निघत नाही. ताळा घ्या: स = १ ची रेषा य = क्ष − १ अन्वस्ताला (२, १) इथे स्पर्श करते, स = ३ ची रेषा (६, ९) इथे. सगळ्या रेषा स्पर्शिका आणि अन्वस्त त्यांचं आवरण. कागदावर दहा-बारा रेषा पट्टीने आखल्या की अन्वस्त आपोआप उमटतो.

मोजपट्टी

लॅपलँडचा विषय आल्याशिवाय क्लेरो पुरा होत नाही. प्रश्न असा की पृथ्वी ध्रुवांशी चपटी की लांबट? चपटी असेल तर उत्तरेकडे एका अक्षांशाची लांबी वाढत जायला हवी. ते मोजायला २ मे १७३६ ला फ्रेंच गणिती मोपेर्त्वीची तुकडी डंकर्कहून उत्तर युरोपातल्या लॅपलँडकडे निघाली. त्यात क्लेरो, काम्यू, ल मॉनिए, आबे उतिए होते, शिवाय स्वीडनचा सेल्सिअस. टोर्नियो गावापासून उत्तरेला किट्टिस टेकडीपर्यंत डोंगरमाथ्यांवर खुणा उभारून त्रिकोणांची साखळी मोजली.

आधाररेषा मोजायला त्यांनी गोठलेली नदी निवडली, कारण तितका सपाट पृष्ठभाग तिथे दुसरा नव्हता. काम २१ डिसेंबरला सुरू झालं, त्या अक्षांशावर सूर्य जेमतेम वर येतो त्या दिवसांत. देवदाराच्या लाकडाच्या आठ काठ्या, प्रत्येकी पाच तुआझ (एक तुआझ म्हणजे १.९४९ मीटर). दोन तुकड्या, प्रत्येकीकडे चार काठ्या, दोघींनी स्वतंत्रपणे मोजायचं. लांबी आली सुमारे ७,४०६ तुआझ ५ फूट, म्हणजे १४.४ किलोमीटर, आणि दोन मापांत फरक फक्त चार इंच. जमिनीवरचं काम याहून चांगलं होणं अवघड.

घोटाळा आकाशाच्या बाजूला झाला. चापाच्या दोन टोकांवर एकच तारा खमध्यापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) किती ढळलेला दिसतो ते ग्रॅहमने बनवलेल्या झेनिथ सेक्टरने (कोन मोजायची पट्टी बसवलेल्या दुर्बिणीने) मोजायचं, वजाबाकी म्हणजे अक्षांशांतला फरक. कालेय तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्यावरून ५७ कला २६.९३ विकला आले, अल्फावरून ५७ कला ३०.४२ विकला. सरासरी २८.६७. जमिनीवरची लांबी ५५,०२३ तुआझ, म्हणून एका अंशाला ५७,४३८ तुआझ.

आजच्या लंबगोलावरून तिथला अंश ५७,२१४ तुआझ येतो, म्हणजे माप २२४ तुआझ जास्त. एका विकलेला जमिनीवर साधारण १६ तुआझ पडतात, तेव्हा कोनात तेरा-चौदा विकलांची चूक हवी. दोन ताऱ्यांतला फरक मात्र साडेतीन विकलांचाच. त्यामुळे त्यांना शंका आली नाही.

कुतूहल

सेक्टर उलटा फिरवून पाहिला नाही, ही टीका तेव्हाच झाली होती ना? वजाबाकीच घ्यायची असेल तर उपकरणाची कायमची चूक दोन्हीकडे सारखी येऊन कटून जाईल. मग उलटण्याची गरज काय?

मोजपट्टी

कटून जाते, पण चूक दोन्ही ठिकाणी तेवढीच राहिली तरच. नऊ-दहा फुटी दुर्बीण होडीतून आणि बर्फावरून नेताना नळी किंवा चापाची पट्टी किंचित हलली तर दोन टोकांवरच्या चुका वेगळ्या होतात, आणि ते ओळखायची सोय राहत नाही. प्रत्येक ठिकाणी तोंड पूर्व-पश्चिम उलटून दोनदा मोजलं असतं तर तिथली चूक तिथेच कळली असती. खगोलज्ञ झाक कासिनीने नेमका हाच आक्षेप घेतला होता.

याचे परिणाम किती मोठे, ते बघा. त्याआधी पिकारने मोजलेला पॅरिसजवळचा अंश ५७,०६० तुआझ. त्याच्याशी लॅपलँडचा अंश लावला तर माझ्या हिशोबाने चपटेपणा (विषुववृत्तीय आणि ध्रुवीय त्रिज्यांतला फरक भागिले विषुववृत्तीय त्रिज्या) १/१२० येतो. मोपेर्त्वी, क्लेरो, काम्यू आणि ल मॉनिए यांनी परतल्यावर पिकारचा चाप नव्याने तपासला आणि १७४० मध्ये ५७,१८३ दिला. त्यावरून १/१७८. आजचा आकडा १/२९८. दोन अंशांतला फरक दीडशे तुआझ असायला हवा होता, तिथे शंभर इकडे-तिकडे झाले की उत्तर हातातून गेलंच. पृथ्वी चपटी आहे एवढं ठरलं, किती चपटी ते ठरलं नाही.

लंबक

आणि किती चपटी ते ठरवायची दुसरी वाट क्लेरोने १७४३ च्या पुस्तकात दिली. माझ्या मते ते त्याचं सगळ्यात सुंदर काम. सूत्र एका ओळीचं:

चपटेपणा + (विषुववृत्त ते ध्रुव गुरुत्वाची सापेक्ष वाढ) = ५/२ × (विषुववृत्तावरचं केंद्रोत्सारी त्वरण ÷ तिथलं गुरुत्व)

आजचे आकडे घालून पाहू. केंद्रोत्सारी ०.०३३९२, गुरुत्व ९.७८०३, भागाकार ०.००३४६८, अडीचपट ०.००८६६९. ध्रुवावर गुरुत्व ९.८३२२, म्हणजे वाढ ०.००५३०२. वजाबाकी ०.००३३६७, म्हणजे १/२९७. आजच्या उपग्रही मापनाच्या इतकं जवळ, आणि हातात फक्त लंबक! उरलेला फरक आहे कारण क्लेरोचं सूत्र पहिल्या घातापर्यंतच आहे.

खरी गंमत ही की पृथ्वीच्या पोटात घनता कशी वाटली आहे ते माहीत असायची गरज नाही. थर केंद्राभोवती किंचित चपटे आणि समतोलात असले की झालं. सगळीकडे एकच घनता धरली तर चपटेपणा न्यूटनचा १/२३० येतो. सगळं वस्तुमान केंद्रात धरलं तर सुमारे १/५७७. मध्याकडे घनता वाढत असेल तर उत्तर या दोहोंच्या मध्ये हवं. न्यूटनला वाटलं होतं की मध्यभाग जास्त दाट असेल तर चपटेपणा वाढेल. क्लेरोने तो कमी होतो हे दाखवलं.

आता मोजपट्टी यांचा १/१७८ इथे लावून बघा. तो १/२३० पेक्षा मोठा, म्हणजे सूत्राच्या मर्यादेबाहेर. पण लॅपलँडमध्येच केलेले लंबकाचे प्रयोग गुरुत्वाची वाढ १/२३० पेक्षा जास्त दाखवत होते, म्हणजे चपटेपणा १/२३० पेक्षा कमी हवा. एकाच मोहिमेची दोन मापं एकमेकांशी भांडत होती आणि लंबक खरा होता.

कुतूहल

लंबकाबद्दल एक शंका. फ्रेंच खगोलज्ञ रिशेने १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या केयेनला सेकंदाचा लंबक (एका झोक्याला एक सेकंद घेणारा) सव्वा लीन्यने आखूड करावा लागला असं सांगितलं. तिथल्या उकाड्याने दांडा लांबला म्हणून घड्याळ मागे पडलं असेल, असं नाही का होणार?

लंबक

हिशोब करून बघू. लीन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर. पॅरिसचा सेकंदाचा लंबक सुमारे ४४०.५ लीन्य. त्यात १.२५ म्हणजे ०.२८ टक्के. कालावधी लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून, म्हणून निम्मे करून ८६,४०० ने गुणा: दिवसाला सुमारे १२३ सेकंद.

लोखंडी दांडा एका अंश सेल्सिअसला लांबीच्या १ कोटीत ११५ भागांनी वाढतो, म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. पितळी असेल तर ०.८. पंधरा अंशांचा फरक धरला तरी लोखंडाला साडेसात सेकंद, पितळेला बारा. १२३ कुठे आणि बारा कुठे! पण ही दुरुस्ती सोडून चालत नाही. ध्रुव ते विषुववृत्त पूर्ण फरकच दिवसाला २२९ सेकंदांचा आहे, त्यात बारा सेकंद म्हणजे पाच टक्के.

उंचीचंही तसंच. ३०० मीटर चढलं की घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं. समुद्रसपाटीची दुरुस्ती विसरली की सूत्रात घातलेली गुरुत्ववाढ चुकते, आणि चूक आकड्यात तेवढीच असली तरी चपटेपणा मुळात लहान असल्याने त्याच्यात ती टक्केवारीने मोठी दिसते.

शेषपद

आता धूमकेतू. हॅलीने सांगितलं होतं की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या अखेरीस परत येईल. अडचण अशी की आधीच्या दोन फेऱ्या सारख्या नव्हत्या: १५३१ ते १६०७ ही २७,८११ दिवसांची, १६०७ ते १६८२ ही २७,३५२ दिवसांची. फरक ४५९ दिवस. गुरू आणि शनी ओढतात म्हणून.

जून १७५७ मध्ये क्लेरोने खगोलज्ञ लालांद आणि नीकोल-रेन लपोत यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवतानासुद्धा हिशोब चालत, असं लालांदने लिहून ठेवलंय. कक्षेच्या प्रत्येक अंशाला, दीडशे वर्षांसाठी, दोन्ही ग्रहांची धूमकेतूपासूनची अंतरं आणि ओढ काढायची. दोन फेऱ्या, ३६० अंश, दोन ग्रह: सरळ गुणाकार केला तरी १,४४० वेळा, आणि प्रत्येक वेळी लॉगॅरिदमची कोष्टकं.

१४ नोव्हेंबर १७५८ ला क्लेरोने जाहीर केलं: या वेळची फेरी ६१८ दिवसांनी लांबेल, त्यातले ५१८ गुरूमुळे, १०० शनीमुळे. उपसूर्य (सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची वेळ) १७५९ च्या एप्रिलच्या मध्यावर, एक महिना इकडे-तिकडे. ड्रेस्डेनजवळच्या पालिट्झ या शेतकऱ्याला धूमकेतू २५ डिसेंबरला दिसला. उपसूर्य १३ मार्च १७५९. प्रत्यक्ष फेरी २७,९३७ दिवसांची, म्हणजे वाढ ५८५ दिवस. चूक ३३ दिवसांची.

धूमकेतू दिसायच्या आधी, चुकीची मर्यादा सांगून केलेलं हे भाकीत आहे. त्याने घाई का केली तेही उघड आहे. धूमकेतू दिसल्यावर तारीख सांगितली असती तर तिला काय किंमत?

खगोलवही

इथे दालांबेरचा आक्षेप नोंदवायला हवा, तो निव्वळ वैरातून आलेला नव्हता. त्याचं म्हणणं, चूक संपूर्ण फेरीशी ताडून बघू नका, फेरीतल्या बदलाशी ताडा. पहिल्या रीतीने ३३ भागिले २७,९३७ म्हणजे ०.१२ टक्के. दुसऱ्या रीतीने ३३ भागिले ५८५, म्हणजे ५.६ टक्के. मला दुसरी रीत जास्त प्रामाणिक वाटते, कारण साधारण ७५-७६ वर्षं हे हॅलीनेच दिलं होतं. क्लेरोने मिळवलं ते बदलाचं गणित. साडेपाच टक्केही त्या काळी, हाताने, फार मोठी गोष्ट आहे.

क्षयज्ञ

चूक ग्रहांच्या वस्तुमानांमुळे झाली असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तपासलं. न्यूटनने दिलेले आकडे धरले तर गुरू सूर्याच्या १/१०६७, शनी १/३०२१. आजचे १/१०४७ आणि १/३४९८. परिणाम वस्तुमानाच्या प्रमाणात धरला तर शनीचे १०० दिवस ८६ होतात, गुरूचे ५१८ होतात ५२८. एक चौदा दिवसांनी कमी, दुसरा दहांनी जास्त. निव्वळ चार दिवस सुधारले! म्हणजे ३३ पैकी बहुतेक चूक हिशोबातल्या सोडलेल्या पदांची आणि काटछाटीची. युरेनस-नेपच्यून तेव्हा माहीतच नव्हते, त्यांचाही वाटा त्यात आहे. क्लेरोने नंतर हिशोब सुधारला तेव्हा तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावर आली, म्हणजे त्यालाही दोष कुठे आहे ते कळलं होतं.

त्रिज्या

लपोत यांच्याबद्दल दोन ओळी पुरणार नाहीत. क्लेरोच्या १७६० च्या धूमकेतूवरच्या पुस्तकात त्यांच्या कामाचा उल्लेख नाही. लालांदने मात्र स्वच्छ लिहिलं की त्यांच्या मदतीशिवाय एवढं प्रचंड काम हाती घ्यायची आपली हिंमत झाली नसती. चंद्राच्या गणितात क्लेरोने स्वतःची चूक जाहीरपणे सांगितली, त्याच माणसाने इथे नाव गाळलं, हे खटकतं आणि खटकायलाच हवं. एमिली द्यु शातले यांना मात्र तो शिकवत होता आणि न्यूटनच्या ग्रंथाच्या त्यांच्या फ्रेंच भाषांतराला त्याने बरीच मदत केली. त्या १७४९ मध्ये गेल्या, पूर्ण भाषांतर छापून आलं ते धूमकेतूच्याच वर्षी, १७५९ मध्ये.

कुतूहल

स्प्रेडशीटमध्ये हा धूमकेतूचा हिशोब करून बघायचा असेल तर टप्पे वेळेचे घ्यायचे की अंशांचे?

शेषपद

अंशांचे, आणि ते केंद्रापाशी मोजलेल्या सहायक कोनाचे. याला उत्केंद्र कोन म्हणू. उत्केंद्रता (कक्षा किती लांबट त्याचं माप) ०.९६७ आणि फेरी ७६ वर्षं धरा. वेळ = (७६ ÷ २π) × (कोन − ०.९६७ × साइन कोन), कोन रेडियनमध्ये. शून्य ते दहा अंशांना लागतात २९ दिवस. १७० ते १८० अंशांना चार वर्षांहून जास्त. वेळेचे सारखे टप्पे पाडले तर सूर्याजवळची धावपळ एका टप्प्यात गडप होते आणि दूरच्या संथ प्रवासावर शेकडो ओळी वाया जातात.

दुसरा फायदा: कोनावरून धूमकेतूची वेळ आणि अंतर थेट मिळतं, केप्लरचं समीकरण (वरचंच सूत्र) वेळेवरून कोन काढायला उलटं सोडवावं लागत नाही. ते फक्त गुरू-शनीसाठी, आणि त्यांची उत्केंद्रता इतकी कमी आहे की चार-पाच आवर्तनांत उत्तर स्थिरावतं. ओळीची मांडणी अशी ठेवा: कोन, वेळ, धूमकेतूचे निर्देशांक, गुरूचे निर्देशांक, दोघांतलं अंतर, गुरूची धूमकेतूवरची ओढ वजा गुरूची सूर्यावरची ओढ. ही वजाबाकी विसरणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. सूर्यालाही गुरू ओढतो, आणि धूमकेतू लांब असताना तोच भाग मोठा असतो. आधी दहा अंशांचे टप्पे घ्या, मग पाचचे. दोन उत्तरांतला फरक काही दिवसांत आला नाही तर धूमकेतू गुरूच्या जवळून जातो तेवढ्याच भागात एक-एक अंश करा.